तुम्ही विचारलंत म्हणून: भीती नाही वाटत?

“ताई, जेलमधून सुटलेल्या मानसिक रुग्णांच्या मागं मागं फिरता, भीती नाही वाटत?” सोलापुरात लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारतात. वाटते की! सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे जिवाला घोर असतो.

आत असताना गोळी हातावर मिळते. मग जामिनाचा कागद संध्याकाळी पोचतो, माणूस पिशवी घेऊन बाहेर येतो आणि कोणती गोळी, किती पॉवरची, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून जामिनाची धावपळ चालू असतानाच मी घरच्यांना सांगते, जेलच्या डॉक्टरांकडून औषधांची चिठ्ठी मागून ठेवा. ती असली की सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

पूर्व भागातला एक मुलगा. कधी उन्माद, कधी नैराश्य असा आजार, त्यावर लिथियमची गोळी चालू. सुटून आला आणि लगेच लूमवर लागला, तोही रातपाळीला. या आजारात झोप मोडली की उन्माद उसळतो. कामावरून पहाटे आला की घरातली सगळी भांडी अंगणात मांडून घासायचा, तोंडाची टकळी थांबायची नाही. त्याची आई खूश. “बघा की ताई, किती कामाचा झालाय!” त्याला विचारूनच मी मालकाकडे गेले. आजाराचं नाव काढलं नाही, फक्त दिवसपाळी मागितली. अण्णा कुरकुरले, पण दिली. मग डॉक्टरांनी औषध बसवलं.

त्यात आपला उन्हाळा. घामानं, जुलाबानं अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. हात थरथरतात, चाल अडखळते, आणि गल्ली म्हणते, प्यायलाय! अंगदुखीवर मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेनसुद्धा ते वाढवते. असं दिसलं की थेट दवाखाना गाठायचा, रक्त तपासायचं.

देवऋषाकडे नेणाऱ्यांशी मी भांडत नाही. अंगारा लावा, गोळी चुकवू नका, एवढंच. सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्क आहे, तिथं उपकार मागितल्यासारखं उभं राहू नका. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे.

आणि ओपीडी नि कोर्टाची तारीख एकाच दिवशी आली तर कोर्टातच जा, नाहीतर वॉरंट निघायचं. गोळ्या आधीच्या आठवड्यात आणून ठेवा, केसपेपरची झेरॉक्स वकिलाकडे द्या.