भुसावळच्या उन्हात पारखलेले कूलर : आमची वाटचाल

2008 साली भुसावळला जामनेर रस्त्यावरच्या एका गाळ्यात आम्ही संगणक जोडून विकण्याचा आणि दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा प्रोसेसरचा, म्हणजे संगणकातल्या मुख्य चिपचा, कूलर ही स्वतंत्रपणे पारखून घ्यायची वस्तू आहे, असे आमच्या मनातही नव्हते. खोक्यातून जो पंखा येई तोच आम्ही बसवत असू. खानदेशात कूलर म्हटले की पत्र्याचा, गवताच्या जाळ्यांचा आणि पाण्याचा कूलरच डोळ्यांसमोर येतो, त्यामुळे ग्राहकाला समजावताना आजही 'प्रोसेसरचा कूलर' असे पूर्ण नाव घ्यावे लागते.

आमची समजूत बदलली ती 2012 च्या आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास. ऐन लग्नसराईत एका फोटो स्टुडिओचा, आम्हीच जोडून दिलेला संगणक रोज दुपारी बंद पडू लागला. "भाऊ, सकाळी चांगला चालतो, जेवण करून आलो की बंद पडतो," अशी त्यांची तक्रार होती. आम्ही आधी पॉवर सप्लाय बदलला, मग रॅम बदलली, आणि तिसऱ्या फेरीत आमच्या लक्षात आले की कूलरच्या चार पिनांपैकी एक मदरबोर्डमध्ये पूर्ण बसलेलीच नव्हती. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा कूलरचा धातूचा भाग, एका बाजूने किंचित उचललेला होता. सकाळच्या गारव्यात ही चूक झाकली जाई, पण दुपारी खोली 40 अंशांच्या पुढे गेली की उघडी पडे. चूक आमची होती, म्हणून बदललेल्या भागांचे पैसे आम्ही परत केले. गेलेले आठ दिवस मात्र त्यांना परत देता आले नाहीत, याची खंत आजही आहे.

त्यानंतर आम्ही मोजमाप करू लागलो. हवेवर चालणारा कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसर खोलीपेक्षा किती अंश वर राहील एवढेच तो ठरवतो. म्हणून प्रोसेसरचे तापमान एकटे लिहून काही कळत नाही. 25 अंशांच्या खोलीत 70 अंश दाखवणारा प्रोसेसर 45 अंशांनी वर आहे. तोच कूलर, तोच भार आणि तोच पंखा ठेवून खोली 43 अंशांवर गेली, तर आकडा 88 च्या आसपास जातो. वातानुकूलित खोलीत उत्तम ठरलेला कूलर आमच्याकडे मे महिन्यात काठावर येतो तो याच हिशेबाने. आम्ही तापमापक भिंतीवर न लावता पंखा जिथून हवा ओढतो तिथे लावतो, कारण बंद कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा गरम असते आणि कूलरला तीच मिळते.

कूलर किती उष्णता हटवतो म्हणून त्याच्या खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर निर्णय घेणे आम्ही सोडून दिले आहे, आणि प्रोसेसरचा आकडाही नीट वाचावा लागतो. इंटेल आय5-12400 हा 65 वॅटचा म्हणून विकला जातो, पण त्याची कमाल टर्बो मर्यादा, म्हणजे वेग वाढवताना तो घेऊ शकणारी वीज, 117 वॅट आहे. त्यामुळे चाचणीत आम्ही बायॉसमधून (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधून) वीजमर्यादा पक्की करतो, अर्धा तास पूर्ण भार देतो आणि आकडा स्थिरावल्यावरच नोंद घेतो. प्रत्येक कूलर तीनदा काढून, नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि हीटसिंकमधली फट भरणारा लेप) लावून पुन्हा बसवतो. बसवण्यातल्या फरकानेच काही अंश इकडेतिकडे होतात, आणि हे माहीत नसताना दोन कूलरमध्ये दोन अंशांचा फरक सांगणे म्हणजे ग्राहकाची दिशाभूल करणे होय, असे माझे ठाम मत आहे.

आवाजाची तुलना शटर पाडून रात्री करावी लागते, कारण दिवसा रस्त्यावरची वाहने मोजमाप होऊ देत नाहीत. पंखा पूर्ण वेगाने फिरवून जिंकणारा कूलर आम्हाला पटत नाही, म्हणून सगळ्यांचे पंखे सारख्या आवाजावर आणून मग तापमान पाहतो. उंचीचे काम सोपे आहे: नॉक्टुआ एनएच-डी15 हा कूलर 165 मिलिमीटर उंच आहे आणि ही उंची कॅबिनेटच्या रुंदीत मावावी लागते, तेव्हा कॅबिनेटची रुंदी आतून आधी मोजावी.

आमच्या भागात खरा कस लागतो तो धुळीचा. यावल-रावेरकडच्या केळीच्या वखारीत संगणक तसा सुखी असतो. जिनिंगच्या कार्यालयात मात्र रुईचे बारीक तंतू पंख्यातून आत जाऊन हीटसिंकच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर नमद्यासारखे बसतात, आणि पाण्याच्या कूलरच्या दमट हवेने ते घट्ट चिकटतात. पाती जितकी दाट, तितका स्वच्छ खोलीतला निकाल चांगला येऊ शकतो, पण तितकीच ती लवकर तुंबतात. आत उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या कितीही चांगल्या असल्या, त्यांतले पाणी वाफ होऊन पात्यांपर्यंत उष्णता पोहोचवत असले, तरी पात्यांमधून हवाच जात नसेल तर ती उष्णता तिथेच अडकते. म्हणून जिनिंग आणि दालमिलसाठी आम्ही विरळ पात्यांचा आणि पंखा धरून ठेवणारी तार हाताने सुटणारा टॉवर (उभ्या बांधणीचा) कूलर सुचवतो, मग तो चाचणीत दोन-तीन अंशांनी मागे असला तरी चालतो. दर दोन महिन्यांनी तिथल्याच माणसाला पंखा काढून ब्लोअर मारता आला पाहिजे, आणि त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवायचा, हेही आम्ही दाखवून येतो.

या आधारावर आम्ही कूलर पारखतो, तरी तंतू बसल्यानंतर कोणता कूलर किती मागे पडतो याची मोजून घेतलेली नोंद आमच्या वहीत अजून नाही. त्यासाठी वेगवेगळ्या दाटीच्या पात्यांचे चार कूलर, नवे असतानाचे आकडे लिहून, एका जिनिंगच्या कार्यालयात बसवले आहेत. हंगाम संपला की ते न पुसता, पंखाही न झटकता, त्याच प्रोसेसरवर आणि त्याच वीजमर्यादेत पुन्हा चाचणीला लावायचे ठरले आहे.