धनोडा फाट्यावरून माहूर : एक मुक्काम तरी कराच

दिवाळी झाल्यावर नांदेडहून नागपूरला बहिणीकडे निघालो होतो. मी, बायको आणि आई. एका दिवसात पोचायचं असं ठरलं होतं. पण गाडीत बसता बसता आई म्हणाली, "माऊलीच्या दारावरून जायचं अन् तोंड न दाखवता? काही बरं नाही ते." रेणुका आमची कुळदेवी. मग माहूरला दोन तास थांबू असं म्हणून निघालो आणि राहिलो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

नांदेड-नागपूर हायवे आता चांगला झालाय. अर्धापूर सोडल्यावर वारंगा फाट्याला गरम खिचडी खाऊन घ्या, पुढं माहूरपर्यंत पोटाची काळजी नाही. हदगाव, उमरखेड, महागाव करत धनोडा गाठायचं आणि तिथून हायवे सोडून आत वळायचं. थोड्याच वेळात पैनगंगेचा पूल लागतो. मधे यवतमाळ जिल्ह्यात गेलेला रस्ता या पुलावरून परत मराठवाड्यात येतो. पावसाळ्यात जाणार असाल तर निघण्याआधी माहुरात कुणाला तरी फोन करून पाण्याचं विचारा, पैनगंगा फुगली की इकडची वाट अडते. नांदेडपासून आम्हाला तीन तास लागले.

नदी ओलांडली की दोन्ही बाजूंना साग. कार्तिकात सागाच्या पानांना कीड लागलेली असते. हिरवं सगळं खाल्लेलं, मागं नुसत्या शिरांची जाळी राहिलेली. ऊन त्या जाळीतून गळून रस्त्यावर पडतं. आईनं गाडी थांबवायला लावली, एक पान उचललं आणि देवीच्या ओटीच्या पिशवीत घडी न घालता ठेवलं.

माहुरात तीन शिखरं आहेत: रेणुका, दत्त आणि अनसूया. साडेतीन शक्तिपीठांतलं हे एक पूर्ण पीठ. पहिल्यांदा रेणुकेकडं जा आणि उन्हाच्या आधी जा. दोनशेच्या वर पायऱ्या आहेत. आईचे गुडघे दुखतात, ती दर दहा-पंधरा पायऱ्यांवर टेकत पाऊण तासात वर आली. म्हाताऱ्या माणसांना घाई करू नका, बसायला जागा आहे, सावली आहे. हातात प्रसादाची पिशवी उघडी ठेवू नका. माकडं धीट आहेत. बायकोच्या हातातली नारळाची पिशवी एका माकडानं अशी ओढली की तिच्या बोटाला ओरखडा आला. सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये बंद करूनच चढा.

गाभाऱ्यात मूर्ती नाही, मुखवटा आहे, पाचेक फूट उंच तांदळा, म्हणजे धड नसलेलं नुसतं मुख. परशुरामानं आईला पाहायची घाई केली, मागं वळून पाहिलं आणि तोवर भूमीतून फक्त मुखच वर आलं होतं, अशी कथा इथं सांगतात. आई ती कथा मला लहानपणापासून सांगत आली, पण त्या मुखासमोर उभी राहून तिनं ती पुन्हा हळू आवाजात सांगितली तेव्हा मला पहिल्यांदा कळली.

इथला प्रसाद म्हणजे तांबूल. लोखंडी खलात विड्याची पानं, कात, सुपारी, बडीशेप, वेलदोडा घालून कुटत असतात. दुकानदाराचा बत्ता एका ठेक्यात पडतो, पानाचा हिरवा रंग बघता बघता लालसर काळपट होतो आणि सगळा लगदा बोटाला चिकटतो. आधीच कुटून ठेवलेला घेऊ नका, समोर कुटून घ्या. आणि लांबचा प्रवास असेल तर डबा सोबत न्या, कागदातून रस झिरपतो.

दुपारी जेवून, जरा पडून, मग दत्तशिखर. गाडी बरीच वरपर्यंत जाते. घाटात वळणं अवघड आहेत, उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच या. मी ब्रेकवर उतरलो आणि खाली येईपर्यंत चाकांना जळका वास यायला लागला. अर्धा तास गाडी उभी ठेवावी लागली. दत्तप्रभूंचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहुराला, अशी श्रद्धा. दिवस मावळताना वर थांबलात तर निद्रेला हीच जागा का, हे सांगावं लागत नाही. एकामागं एक डोंगर निळे होत जातात, खाली दिवे लागतात, वारा पडतो. आम्ही तिघं कितीतरी वेळ बोललोच नाही. त्यानंतर नागपूरला निघायचं कुणी नावच काढलं नाही. अनसूयेच्या शिखराला मात्र पायऱ्या पुन्हा आहेत. आईला झेपलं नसतं, म्हणून यावेळी खालूनच हात जोडले.

सकाळी आई खोलीवर थांबली आणि आम्ही दोघं रामगडावर गेलो. लोक बहुतेक दर्शन करून परततात, किल्ल्याकडं फिरकत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. हत्ती दरवाजा, तटबंदी आणि आत तलाव, सकाळच्या उन्हात बघण्यासारखं आहे. हे माहूर रायबागनचं. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या विरुद्ध मोगली फौजेत असलेली सावित्रीबाई ती हीच, इथल्या देशमुख घराण्यातली. किल्ल्यावर गवत कमरेएवढं होतं. बूट घाला, काठी ठेवा, पाणी खालूनच न्या. गावातली पांडवलेणी मात्र अर्ध्या तासात होतात, तीही सोडू नका.

नवरात्रात, दत्तजयंतीला आणि राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला प्रचंड गर्दी असते. नवरात्रात खाजगी गाड्या खालीच थांबवतात, वर एसटीनं जावं लागतं. निवांत बघायचं असेल तर दिवाळीनंतरचे दिवस धरा, आणि तेव्हाही मंगळवार-शुक्रवार टाळा. खोली आधी फोनवर ठरवली तरी पोचायच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारा. आईला दुपारी पडायला म्हणून आम्ही वाटेतून फोनवर ठरवलेली खोली दुसऱ्याला देऊन टाकली होती, भर दुपारी आईला घेऊन नवी शोधावी लागली.

दुपारी निघून रात्री नागपूर गाठलं. आईनं चपला काढायच्या आधी पिशवी उघडली, डब्यातला तांबूल चमच्यानं काढला, सागाच्या त्या जाळीदार पानावर ठेवला आणि बहिणीपुढं धरला.