तुम्ही विचारलंत म्हणून: तपासलेलं ब्लेड तुटलंच कसं?

"तपासलं होतं ना? मग तडा दिसला कसा नाही?" विमानाचं इंजिन हवेत फुटलं की धातूतले तडे शोधणाऱ्या आम्हा लोकांना हाच प्रश्न येतो. 'पद्धतीप्रमाणे काम झालं होतं' एवढंच उत्तर मी बरीच वर्षं दिलं. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही.

१७ एप्रिल २०१८. साउथवेस्ट या अमेरिकी विमानकंपनीचं १३८० क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७३७, न्यूयॉर्कहून डॅलसला. सुमारे ३२,००० फुटांवर डाव्या सीएफएम५६-७बी इंजिनातल्या २४ फॅन ब्लेडपैकी तेरावं मुळाशी तुटलं, म्हणजे डिस्कच्या खाचेत बसतं त्या डव्हटेलमध्ये. त्याच्या ३२,००० हून जास्त सायकल झाल्या होत्या. एक उड्डाण म्हणजे एक सायकल: टेकऑफला फॅन जोरात फिरतो, डव्हटेल खाचेच्या भिंतींवर दाबलं जातं, इंजिन बंद झालं की ताण उतरतो. हजारो वेळा असं झालं की धातू थकतो. इथे तर डव्हटेलवरचा ताण गृहीत धरला होता त्याहून जास्त निघाला.

फॅन केसने, म्हणजे फॅनभोवतीच्या मजबूत कड्याने, ब्लेड अडवलं, ते त्याचं कामच. पण धक्का बसला तो अगदी तळाशी, काउलचे, म्हणजे इंजिनावरच्या बाहेरच्या आवरणाचे, दोन भाग लॅचने जोडलेले असतात त्याच्या जवळ. काउल फाटलं, त्याचा तुकडा खिडकीपाशी आदळला, खिडकी निखळली, केबिनमधला दाब गेला. विमान फिलाडेल्फियाला उतरलं, पण एक प्रवासी महिला वाचली नाही.

आता तपासणीचं. त्या ब्लेडचा शेवटचा ओव्हरहॉल, म्हणजे सखोल तपासणी-दुरुस्ती, २०१२ चा. तेव्हाची पद्धत फ्लुओरेसंट पेनिट्रंटची, म्हणजे तड्यात झिरपून चमकणाऱ्या द्रवाची: डव्हटेल स्वच्छ करायचं, द्रव लावून मुरू द्यायचा, वरचा धुऊन टाकायचा, वाळवून डेव्हलपर (मुरलेला द्रव बाहेर ओढणारा थर) मारायचा आणि अंधारात यूव्ही दिव्याखाली पाहायचं. द्रव शिरतो तो पृष्ठभागावर तोंड उघडलेल्या तड्यातच. तडा फार बारीक असेल किंवा त्याच्या तोंडाशी मळ बसला असेल, तर काहीच चमकत नाही. एडी करंट या दुसऱ्या पद्धतीचं तसं नाही. प्रोबने धातूत उठवलेला विजेचा प्रवाह तड्याला वळसा घालतो आणि तो फरक पडद्यावर दिसतो. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने नोंदवलं की २०१२ च्या तपासणीत आणि नंतर वंगण देताना नुसत्या नजरेने केलेल्या पाहणीत तो तडा बहुधा सापडण्याजोगा नव्हताच.

इथे थांबलो तर आम्ही सुटतो. पूर्वी मी इथेच थांबत असे. पण फिलाडेल्फियाच्या आधी फ्लोरिडातलं पेन्साकोला घडलं होतं: २७ ऑगस्ट २०१६, तीच विमानकंपनी, त्याच जातीचं इंजिन, ब्लेड तुटलं तेही डव्हटेलमध्येच. कोणाला इजा झाली नाही. पुढे निर्मात्याने अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी करायची तपासणी सुचवली, अमेरिकेच्या विमान नियामक एफएएने २०१७ मध्ये नियमाचा मसुदाही काढला. सक्ती मात्र आली २० एप्रिल २०१८ ला, फिलाडेल्फियानंतर तिसऱ्या दिवशी: ३०,००० हून जास्त सायकल झालेल्या इंजिनांची ब्लेडं २० दिवसांत अल्ट्रासॉनिकने तपासा.

मसुदा, हरकती, किती इंजिनं, किती प्रोब, किती प्रशिक्षित हात... उशिराची ही कारणं खरी आहेत, आणि अशा कामाला वेळ लागतो हे मी आजही ठामपणे सांगेन. तरी वीस महिने हा योग्य वेळ होता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.