मायनिंग आणि स्टेकिंग यांची एकत्र आखणी: माझा अनुभव

मायनिंग (संगणकीय शक्ती खर्चून ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, शोधणे) आणि स्टेकिंग (नाणी अडकवून त्या बळावर ब्लॉक तयार वा मान्य करणे) या दोन्हींवर चालणाऱ्या ब्लॉकचेन नेटवर्कची आखणी करण्याचे काम एका संशोधन प्रकल्पात आमच्या छोट्या गटाकडे आले, तेव्हा पहिला वाद या दोहोंपैकी अधिक सुरक्षित काय यावरच झाला. तो फार काळ टिकला नाही, कारण दोन्ही यंत्रणा ठेवायच्या हे आधीच ठरलेले होते. ठरवायचे होते ते एवढेच की, मायनरने तयार केलेल्या ब्लॉकवर नाणी गुंतवणाऱ्याचा अधिकार किती असावा. आमच्या नाण्याला पैशांतले मोल असणार नाही, हेही आम्ही सुरुवातीलाच नक्की केले. भारतात क्रिप्टो व्यवहारांना लागणारा 30 टक्के कर आणि 1 टक्का टीडीएस यांच्या हिशेबात संशोधन अडकवण्याची कोणाचीच तयारी नव्हती.

या कल्पनेचा पहिला प्रत्यक्ष अवतार म्हणजे 2012 मधले पीअरकॉइन हे क्रिप्टोचलन. त्यात एकाच साखळीत मायनिंगचे ब्लॉक आणि स्टेकिंगचे ब्लॉक असे दोन्ही येतात, आणि स्टेकिंगची संधी नाण्यांच्या संख्येबरोबरच ती किती दिवस न हलवता ठेवली यावरही अवलंबून असते. दिवसांना असे वजन दिले की नोड (नेटवर्कला जोडलेला संगणक) बंद ठेवून नाण्यांचे वय साठवायचे आणि मग थोडा वेळ चालू करायचा, हा व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. शिवाय दोन दारांच्या घरात चोराला जे सोपे असेल ते एकच दार पुरते. ही रचना आम्ही बाजूला ठेवली.

दुसरा नमुना इथेरियमचा. मायनिंग चालू ठेवून दर 50 ब्लॉकनंतर अनामत ठेवणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश मतांनी साखळीवर शिक्कामोर्तब करायचे आणि परस्परविरोधी मते देणाऱ्याची अनामत जप्त करायची, असा तो प्रस्ताव होता. किमान अनामत 1500 इथर (इथेरियमचे नाणे) सुचवली होती. 2018 मध्येच तो मागे पडला आणि 15 सप्टेंबर 2022 रोजी इथेरियमने मायनिंग पूर्णपणे सोडले. मला ही रचना तर्काच्या दृष्टीने सर्वांत नेटकी वाटते, परंतु एक-तृतीयांशाहून अधिक अनामतदार बंद पडले तर शिक्कामोर्तब थांबते, आणि मोजक्या नोडच्या नेटवर्कात तसे घडायला एका इमारतीतली वीज जाणे पुरेसे असते.

म्हणून फेब्रुवारी 2016 पासून चालू असलेल्या डिक्रेड या क्रिप्टोचलनाची रचना आम्ही पायाभूत मानली. तिथे नाणी अडकवून तिकीट घ्यावे लागते. ब्लॉक सापडला की त्याच्याच हेडरवरून (ब्लॉकच्या शीर्षभागातल्या माहितीवरून) पाच तिकिटे निवडली जातात आणि त्यांपैकी किमान तीन मते आल्याशिवाय पुढचा ब्लॉक उभा राहत नाही. बहुमताने नापसंती दर्शवली तर त्या ब्लॉकमधले नेहमीचे व्यवहार आणि मायनरचे बक्षीस दोन्ही रद्द होतात. मते कमी आली तर पुढच्या मायनरचे बक्षीस त्या प्रमाणात घटते, त्यामुळे मते मुद्दाम वगळण्यात त्याचे नुकसानच असते.

आमचा सर्वाधिक वेळ या नियमाच्या गणितात गेला. गुपचूप वेगळी साखळी वाढवणाऱ्याकडे 10 टक्के तिकिटे असतील, तर पाचांपैकी तीन त्याचीच निघण्याची शक्यता 1 टक्क्याहूनही कमी असते; म्हणजे प्रामाणिक मायनरांच्या सुमारे 115 पट हॅशशक्ती (मायनिंगची संगणकीय शक्ती) त्याला लागेल. 30 टक्के तिकिटे असतील तर हा गुणक पाचावर उतरतो आणि 50 टक्के झाली की तो 1 होतो. मनासारखी तिकिटे निघेपर्यंत प्रयत्न करत राहण्याची वाटही स्वस्त नाही, कारण प्रत्येक नव्या सोडतीसाठी ब्लॉक नव्याने शोधावा लागतो. निव्वळ स्टेकिंगच्या नेटवर्कात विश्वासार्ह सोडत कशी काढावी हा स्वतंत्र आणि अवघड प्रश्न होऊन बसतो. इथे तो मायनिंग परस्पर सोडवते. माझ्या मते दोन्ही एकत्र ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे 40 टक्के तिकीटधारक बंद असतील तर जवळजवळ एक-तृतीयांश ब्लॉक पुरेशा मतांअभावी अडतात. त्यामुळे नोड बंद असतानाही मत देता यावे म्हणून मताधिकार दुसऱ्या नोडकडे सोपवण्याची सोय आम्ही मूळ आराखड्यातच घेतली.

तिकिटाची किंमत ठरवणे त्याहून चिवट निघाले. डिक्रेडमध्ये 40,960 तिकिटांचे लक्ष्य ठेवून दर 144 ब्लॉकनी किंमत बदलते. पाच मिनिटांचा ब्लॉक धरला तर तिकिटाला सरासरी 28 दिवसांनी मत देण्याची पाळी येते. आम्ही लक्ष्य 1,024 वर आणले, तेव्हा हा काळ 17 तासांवर आला. किंमत उतरली की सर्वांनी एकदम खरेदी करायची आणि चढली की कोणीच करायची नाही, अशी आंदोलने आमच्या सिम्युलेशनमध्ये स्पष्ट दिसली. डिक्रेडनेही 2017 मध्ये तिकीटधारकांच्या मतदानाने किमतीचे सूत्र बदलले होते. खरेदी झालेली पण अजून परिपक्व (मत देण्यास पात्र) न झालेली तिकिटेही मोजणीत धरल्यावर आमची आंदोलने बरीच शमली.

बक्षिसाची वाटणी शेवटी घेतली. डिक्रेडने मायनर, तिकीटधारक आणि प्रकल्पाचा कोष यांसाठी 60, 30 आणि 10 टक्क्यांनी सुरुवात केली, 2022 मध्ये 10, 80 आणि 10 केले, तर 2023 मध्ये मायनरांचा वाटा 1 टक्क्यावर आणला. एवढी घट आम्हाला मान्य झाली नाही. वरचा गुणक प्रामाणिक हॅशशक्तीने गुणायचा असतो आणि ती नगण्य असेल तर 115 पटही भाड्याने मिळू शकते. मे 2018 मध्ये बिटकॉइन गोल्ड या नाण्यावर बहुसंख्य हॅशशक्ती मिळवून झालेल्या हल्ल्यानंतर लहान साखळ्यांचा हा धोका कोणाला समजावून सांगावा लागत नाही. आम्ही 40, 50 आणि 10 अशी वाटणी धरली असून, टेस्टनेटवर (चाचणीच्या नेटवर्कवर) मतदानाने ती बदलण्यासाठी 75 टक्के मतांची अट ठेवली आहे.