टेंडर भरायचं का नाही, हे ब्रांचला विचारा ना

सध्या आमच्या बांधकाम कंपनीच्या नागपूर ब्रांचमध्ये एकच चर्चा सुरू आहे, गडचिरोलीकडच्या वसतिगृहाच्या बिल्डिंगचं टेंडर भरायचं का नाही. पुण्याच्या हेड ऑफिसचं म्हणणं, क्वालिफाय होतोय ना, मग भरून टाका. आणि कागदावर होतोयच. बऱ्याच सरकारी टेंडरमध्ये बिड कपॅसिटीचा, म्हणजे कंपनी किती मोठं काम घेऊ शकते त्याचा, फॉर्म्युला असतो, ए गुणिले एन गुणिले २ वजा बी, म्हणजे गेल्या ५ वर्षांतल्या सगळ्यात चांगल्या वर्षी केलेलं काम गुणिले मुदतीची वर्षं, त्याच्या दुप्पट, आणि त्यातून मुदतीत पूर्ण करायची हातातली कामं वजा. समजा ए ६ कोटी, मुदत दीड वर्ष, हातात ९ कोटींची कामं, तर उत्तर ९ कोटी येतं आणि ८ कोटींचं टेंडर आरामात बसतं. पण ते ६ कोटी अख्ख्या कंपनीचे आहेत, आमच्या ब्रांचचे नाहीत. पुण्यात झालेली कामं इकडे सेंट्रिंग लावायला येणार आहेत का?

मुदत १८ महिने, "पावसाळा धरून". हे दोन शब्द वाचूनच मी पेन्सिल घेऊन बसलो. वर्कऑर्डर जूनमध्ये आली तर मुदत पुढच्या नोव्हेंबरला संपते, त्यात जून ते सप्टेंबर दोनदा येतो, म्हणजे कोरडे महिने उरले १०. नदीतला वाळू उपसा १० जून ते ३० सप्टेंबर बंद, म्हणजे साठा आधीच करून ठेवायचा आणि त्यात पैसा अडकवायचा. तिकडचा पाऊस म्हणजे नागपूरचा पाऊस नाही बाप्पा, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो हे दरवर्षी पेपरात येतंच, आपली साइट त्याच्या अलीकडे असली तरी नाले सगळीकडे आहेत. छत्तीसगड आणि बालाघाटचे मजूर धान कापायला गावी जातात ते नेमके दिवाळीच्या आसपास, आणि फिनिशिंगची वेळ येईल तेव्हा नागपुरात हिवाळी अधिवेशनाची तयारी सुरू असेल, रवी भवन, आमदार निवास सगळीकडे रंगरंगोटी आणि दुरुस्त्या, चांगला पेंटर आणि इलेक्ट्रिशियन तेव्हा शहराबाहेर यायला तयारच होत नाही. हे पुण्यात बसून कसं दिसणार? त्यांचा दोष नाही, पण म्हणूनच आम्हाला विचारायला हवं.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ईएमडी, म्हणजे टेंडरसोबतची अनामत, भरणं जड नाही, नंतरचं जड आहे. आरए बिलातून, म्हणजे काम होईल तसं निघणाऱ्या बिलातून, इन्कम टॅक्सचा टीडीएस २ टक्के, जीएसटीचा टीडीएस २ टक्के, लेबर सेस १ टक्का आणि वर सुरक्षा ठेव, इतकं कापूनच पैसे हातात येतात, आणि तेही फंड आला तर. तिसरं बिल निघेपर्यंत पगार, स्टील, सिमेंट स्वतःच्या खिशातून चालवता येतं का, हा हिशोब मला मार्जिनच्या हिशोबापेक्षा मोठा वाटतो. आणि बिलो, म्हणजे सरकारी अंदाजाच्या खाली, किती जायचं तो आकडा आजच लिहून ठेवायचा, शेवटच्या रात्री कोणाचा तरी फोन आला की अमका २० टक्के बिलो जाऊन राहिला म्हणून तो बदलायचा नाही.

खरी अडचण माणसांची आहे. आमच्याकडे अनुभवी साइट इंजिनिअर एकच, आणि तो बुटीबोरीच्या शेडवर आहे. त्याला उचलून तिकडे पाठवलं तर बुटीबोरीचं काम रखडेल, आणि ते क्लायंट आपल्याला वेळेवर पैसे देतं, ते मी नाराज होऊ देणार नाही. आणि नवा मुलगा एकटाच जंगलातल्या साइटवर पाठवायला माझं मन तयार नाही, राहायची सोय, दवाखाना, मोबाइलची रेंज सगळंच लांब, घरच्यांना मी काय सांगू?

म्हणून सोमवारच्या कॉलवर मी असं सांगणार आहे की दोन इंजिनिअर आणि बिलिंगचा एक माणूस नावानिशी द्या, १८ महिन्यांसाठी, आणि वाळू-स्टीलचा पैसा पावसाआधी सोडा. हे लेखी मेलवर आलं तर भरतो, नाही तर हे टेंडर सोडायचं, टेंडर भरायच्या आधीच्या प्री-बिड मीटिंगलाही जायचं नाही, आणि तो वेळ हिंगण्याच्या एक्स्टेंशनच्या कामाच्या रेट अॅनालिसिसला, म्हणजे दर काढायला, द्यायचा.