गाडीची शाकारणी

"छप्पर नाही? मग स्वस्तात मिळाली असेल," आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली. स्वस्तात मिळाली होती, पण त्याचं कारण ते नव्हतं. छप्पर आहे, कापडाचं आहे, पुढच्या दोन खिट्ट्या काढल्या की हाताने मागे लोटता येतं, असं मी तिला समजावत होतो. तेवढ्यात बाबांनी फोन स्वतःकडे ओढला आणि एवढंच विचारलं, "पाणी कुठून जातं?"

चिपळूणजवळच्या कौलारू घरात ज्यांचा जन्म गेला, त्यांना गाडी बघून मायलेज आठवत नाही. पाणी आठवतं. मी हसण्यावारी नेलं.

गाडी म्हणजे २००१ सालची माझदा एमएक्स-५. दोन माणसं आणि एक पिशवी एवढा तिचा संसार. तीन मालकांकडे राहून ती इंग्लंडात शेफील्डला माझ्या दारात आली, तेव्हा ७८,००० मैल चालली होती. घेताना मी इंजिनाची काय ती धास्ती घेतली होती! डिपस्टिक काढून ऑइल बघितलं, थंड इंजिन सुरू करायला लावून कान दिला, ६०,००० मैलांना बदलायचा टायमिंग बेल्ट खरंच बदललाय का, म्हणून पावती मागितली. इंजिन ठणठणीत निघालं. आजही आहे.

या गाडीची गंमत म्हणजे तिची कल्पना इथलीच, ब्रिटिश. इकडच्या जुन्या छोट्या रोडस्टर, म्हणजे उघड्या छपराच्या दोन आसनी गाड्या, दिसायला देखण्या आणि ओल्या सकाळी सुरू होताना नखरेल. जपान्यांनी तोच थाट उचलला, त्याला रोज सुरू होण्याची सवय लावली आणि १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात मांडला. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी बाहेर पडली. दोन आसनी स्पोर्ट्स कारच्या खपाचा विक्रम म्हणून गिनीज बुकात तिचं नाव आहे. मला त्या विक्रमाचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी. एवढ्या गाड्या रस्त्यावर आल्या म्हणून आज वीस-पंचवीस वर्षांनीही तिचा क्लचचा सिलिंडर किंवा दाराचं रबर शोधायला वणवण करावी लागत नाही.

पहिल्याच वर्षी एमओटीला, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीला, गाडी नापास झाली. तपासणाऱ्याने खाली वाकून, मागच्या चाकाच्या जरा पुढे, दाराखालच्या पत्र्यावर टोचणी टोचली. ती आत गेली. बाहेरून रंग चकचकीत आणि आत सगळा भुगा, थेट वाळवी लागलेल्या वाशासारखा. सस्पेन्शनच्या जोडापासून ३० सेंटिमीटरच्या आत असा गंज असला की पास करत नाहीत. वेल्डिंगचे ६५० पौंड झाले. गाडीच्या किमतीचा जवळजवळ निम्मा भाग.

वेल्डरनेच मग कारण दाखवलं. बंद छपरावर पडलेलं पाणी मागे ओघळतं आणि काचेखालच्या एका प्लास्टिकच्या पन्हळीत जमतं. तिथून दोन्ही सीटच्या मागे एकेक नळी खाली उतरते आणि पाणी मागच्या चाकांपुढे जमिनीवर सोडते. नळीच्या तोंडाशी पाचोळा अडकला की पाणी तुंबतं, बाजूने सांडतं आणि दाराखालच्या पोकळ उंबऱ्यात जाऊन बसतं. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ बाहेरून पत्रा खात असतंच, आतून हे. माझ्या दारासमोर सिकॅमोरचं मोठं झाड आहे. शरद ऋतूत त्याची पानं आणि पंखवाल्या बिया अख्खी गल्ली भरून टाकतात. गाडी रोज त्याखाली मीच लावत होतो.

पाणी कुठून जातं?

आमच्याकडे मे संपत आला की शाकारणी व्हायची. फुटकी कौलं बदलायची, पन्हळीतली आंब्या-फणसाची पानं उपसायची. बाबा शिडीवर, मी खाली घमेलं धरून. मग ते वरून बादलीभर पाणी ओतायचे आणि ते धारेने खाली पडेपर्यंत शिडी सोडायचे नाहीत. आता मी ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेच करतो. नळीत लोखंडी तार घालायची नाही, नळी फाटते. गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हळूहळू सरकवायची आणि वरून कोमट पाणी सोडायचं.

बाकीची देखभाल किरकोळ आहे. छपराला प्रेशर वॉशर दाखवायचा नाही, रबरांना सिलिकॉन चोळायचं. बॅटरी डिकीत असते, म्हणून तिच्यातला वायू बाहेर सोडणारी बारीक नळी जागेवर आहे ना हे बघायचं. थंडीत गाडी पंधरवडाभर हलली नाही तर चार्जर लावून ठेवायचा.

आणि एवढं करून छप्पर उघडायचं कधी? इथल्या लोकांनी त्याचं उत्तर शोधलंय: पाऊस नसेल तेव्हा. ऊन हवंच असं नाही. पायाशी हीटर, डोक्यावर माकडटोपी (माझी, आईने पाठवलेली) आणि आठ अंश तापमानात स्नेक पास या डोंगररस्त्याच्या वळणांवर दुसरा-तिसरा गिअर. मेंढ्यांचा वास येतो, ओल्या गवताचा येतो. परवा थांब्यावरच्या एका आजीबाईंनी टोपीकडे बघून अंगठा दाखवला. आपल्याकडे ही गाडी असती तर धूळ, हॉर्न आणि उन्हाने मी पहिल्याच सिग्नलला छप्पर ओढलं असतं.

आज सकाळी बाबांना फोनवर दाखवत दाखवत पाणी ओतलं. डावीकडची धार लगेच पडली. "आणि उजवीकडची?" त्यांनी विचारलं. अर्धा तास झाला, मी गाडीखाली डोकं घालून बघतोय, आणि तिकडे त्यांनी अजून फोन ठेवलेला नाही.