लाळ नको, बेडका हवा

आज कोपरखैरण्यात खासगी दवाखान्यांची फेरी. तक्रार एकच, "निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंदवायला वेळ कुठंय?" अहो, टीबीची नोंद 2012 पासून सक्तीची आहे. वर नोंदीचे 500 आणि उपचाराचा निकाल कळवल्यावर आणखी 500 रुपये मिळतात. (खात्याचा तपशील चुकला की अडकतात, ते वेगळं.)

खरी गोची पुढे. दोन आठवड्यांच्या खोकल्यालाही आधी लिवोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक. त्यानं टीबी तात्पुरता दबतो, निदान लांबतं. मग तपासणीच्या डबीत नुसती फेसाळ लाळ! सकाळी चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला घट्ट बेडका हवा. सीबीनॅट या यंत्रावरच्या तपासणीत दोनेक तासांत टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल का, तेही कळतं.

आणि रुग्णाचं वजन करा हो! टीबीच्या 49 किलोला रोज तीन गोळ्या, 50 ला चार.